बेळगाव-खानापूरकडं स्पर्धा कायद्याचं काम बघणारा वकील कुणाच्या माहितीत आहे का?

मलप्रभाकाठ
मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका. खानापूर तालुक्यात आमचं पंप, पीव्हीसी पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यानंतर एका कंपनीची डीलरशिप घेतली, डिपॉझिट भरलं, गोडाऊन भाड्यानं घेतलं. सुरुवातीचे लोड व्यवस्थित आले. मग इथल्या जुन्या डीलरांच्या संघटनेनं कंपनीच्या एरिया मॅनेजरला लेटरहेडवर पत्र दिलं: आमचं ना-हरकत पत्र नसलेल्या दुकानाला माल दिला तर आम्ही सगळे मिळून तुमचा माल उचलणं बंद करू. आणि ना-हरकत पाहिजे असेल तर संघटनेनं ठरवलेल्या दराखाली विकणार नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. मी दिलं नाही. तेव्हापासून कंपनी म्हणते "स्टॉक शॉर्ट आहे", आणि त्याच कंपनीची गाडी आमच्याच रस्त्यावर दुसऱ्या दुकानात खाली होते.

बेळगावच्या कोर्टात ओळखीच्या वकिलांना विचारलं. कुणी म्हणालं ग्राहक आयोगात टाकू, कुणी म्हणालं पोलिसांत अर्ज द्या, कुणी म्हणालं हे दिल्लीचं काम, आपल्याकडं कोण करत नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, धारवाड, कुठंही चालेल, हे काम खरोखर केलेला माणूस कसा शोधायचा? नावं इथं उघड टाकू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा.

गणपत_गल्ली
गूगलवर "टॉप कॉम्पिटिशन लॉयर बेळगाव" टाका की. ढीगभर यादी येते.

काळा_कोट
त्या याद्यांवर जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळं "टॉप" वगैरे जे दिसतं ते त्या वेबसाईटचं दुकान असतं. एकाच माणसाच्या नावापुढं घटस्फोट, चेक बाऊन्स, जमीन, ट्रेडमार्क आणि कॉम्पिटिशन असं सगळं लिहिलेलं सापडेल.

मी स्वतः बेळगावात दिवाणी बाजूला आहे, स्पर्धा कायद्याची केस लढलेलो नाही, हे आधीच सांगतो. खरं वाचलेलं आहे. मलप्रभाकाठ, तुमचा प्रश्न वकिलाच्या आधी एक पायरी मागं आहे: तुमची तक्रार नक्की कुणाविरुद्ध आणि तुम्हाला हवंय काय? त्यावर वकील ठरतो.

ग्राहक आयोग विसरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात परत विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत. धमकीबिमकी झाली असेल तर पोलीस, नुसता माल बंद केला म्हणून गुन्हा होत नाही.

स्पर्धा अधिनियम २००२ चा. त्यातलं कलम ३ तुमच्या कामाचं. एकाच धंद्यातले लोक एकत्र येऊन दर ठरवतात, पुरवठा अडवतात, इलाका वाटून घेतात, टेंडरमध्ये संगनमत करतात, ते ३(३) मध्ये. तिथं स्पर्धेला बाधा आली असं कायदाच गृहीत धरतो, तसं नाही हे दाखवायचं ओझं समोरच्यावर. कंपनी आणि डीलर यांच्यातल्या अटी (अमुक दराखाली विकू नको, दुसऱ्याचा माल ठेवू नको, अमक्याला देणार नाही) त्या ३(४) मध्ये, आणि तिथं बाजारावर खरंच परिणाम झाला हे तपासलं जातं. म्हणजे कंपनीविरुद्ध तुमची बाजू अवघड, संघटनेविरुद्ध भक्कम. बरेच लोक उलटं करतात. राग कंपनीवर असतो, मोठं नाव तिचं असतं, म्हणून सगळा अर्ज कलम ४ खाली, "वर्चस्वाचा गैरवापर" म्हणून लिहितात. ज्या कंपनीला दहा प्रतिस्पर्धी आहेत तिचं वर्चस्व कसलं? असा अर्ज स्पर्धा आयोग (या कायद्याच्या तक्रारी ऐकणारी दिल्लीतली संस्था) कलम २६(२) खाली पहिल्याच टप्प्यात बंद करतो.

मलप्रभाकाठ
म्हणजे संघटनेवर. पण संघटना म्हणजे काय कंपनी नव्हे, फर्म नव्हे. तिच्यावर चालतं का?

काळा_कोट
चालतं. औषधविक्रेत्यांच्या संघटना स्टॉकिस्ट नेमायला ना-हरकत पत्र मागत, त्यावर आयोगानं देशभरात बरेच आदेश दिलेत. आपल्या राज्यातलंच घ्या. २०१६ साली कर्नाटकच्या औषधविक्रेता संघटनेला दंड झाला, तक्रारदार बंगळूरचा एक स्टॉकिस्ट होता. त्यात एका मोठ्या औषध कंपनीलाही दंड झाला होता, तो अपिलात टिकला नाही. मी वर कंपनी आणि संघटना वेगळी का केली ते यावरून कळेल.

दुसरं, कन्नड फिल्म चेंबरचं. परभाषेतले सिनेमे-मालिका कन्नडमध्ये डब करायला तिथं अघोषित बंदी होती. २०१५ मध्ये आयोगानं चेंबरला आणि सोबतच्या संघटनांना दंड केला. तक्रार कुणी केली? कन्नड प्रेक्षकांच्याच एका ग्राहक संघटनेनं.

हलशीकर
बघा, कन्नडवाल्यांनी कन्नडवाल्यांच्या विरोधात केली तक्रार! आपल्याकडं संघटनेविरुद्ध बोललं की लगेच "आपलाच माणूस फुटला" म्हणतात.

टिळकवाडीकर
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, कृपया इथं नको.

रविवार_पेठ
सगळं बरोबर हाय, खरं मी धंद्यातला म्हणून सांगतो. आमच्या पेठेत उधारीवर बाजार चालतो. आज संघटनेवर केस टाकलात तर उद्या ट्रान्सपोर्टवाला गाडी लावायला तयार होत नाही, हमाल येत नाहीत. कायदा दिल्लीत, दुकान खानापुरात. अध्यक्षांना भेटा, चहा घ्या, मिटवा. वर्ष दोन वर्षं तारखा बघत बसाल तोवर गोडाऊनचं भाडं कोण देणार?

मलप्रभाकाठ
अण्णा, भेटलो. चहा घेतला. म्हणाले दराचं लिहून दे, बाकी काय प्रश्न नाही. मी लिहून दिलं तर मीही त्यात सामील की.

काळा_कोट
अगदी. रविवार_पेठ यांचं व्यवहाराचं म्हणणं खोटं नाही, पण त्या स्टॅम्पपेपरवर सही करणारा दर ठरवण्याच्या करारात भागीदार होतो. दंड संघटनेपुरता राहत नाही, पदाधिकाऱ्यांवरही वैयक्तिक बसतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या दंडाची कमाल मर्यादा जगभरातल्या उलाढालीवर मोजतात. ही गोष्ट संघटनेला कुणी समजावून सांगितली आहे का? पुष्कळदा चांगल्या नोटिशीनंच काम होतं, कारण कंपनीचं कायदा खातं मुंबई-अहमदाबादला बसून घाबरतं. इथल्या एरिया मॅनेजरला त्यातलं काही माहीत नसतं.

शहापूर_सीए
उशिरा आले, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली. स्पर्धा आयोगापुढं वकीलच पाहिजे असं नाही. कलम ३५ प्रमाणे तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, किंवा सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट यांना अधिकारपत्र देऊ शकतो. आमच्याकडचे लोक वकील शोधत फिरतात आणि ज्याच्याकडं दर वर्षी ऑडिटला जातात त्याला विचारतच नाहीत. सीएंच्या संस्थेची बेळगाव शाखा आहे, तिथं चौकशी करा.

आता माझ्या धंद्यातली बाजू. आयोगाला "माझ्यावर अन्याय झाला" यात फारसा रस नसतो, बाजारात काय झालं ते हवं असतं. तुमच्या तालुक्यात या मालाचे विक्रेते किती, त्यातले संघटनेत किती, पत्राच्या आधी तुमचा विक्री दर काय होता, नंतर बाकीच्यांचा काय झाला, शेतकऱ्याला पाईप महाग पडला का. हे आकडे तुमच्या जीएसटी रिटर्न आणि बिलबुकातून निघतात. हे काम दिल्लीचा वकील करणार नाही, तो तुमच्याकडून तयार मागेल. आणि त्याच्या तासाच्या हिशोबात तुम्ही बिलं लावत बसलात तर दिवाळं निघेल. ते बेळगावात, आपल्या भाषेत, तुमच्या दुकानाची वही ओळखणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

धारवाडी_फेडा
एक शंका. हायकोर्ट आपलं धारवाडला. तिथं रिट टाकून थेट स्टे नाही का मिळणार? आणि आता कोल्हापूरला बेंच सुरू झालंय, ते तर जवळ.

काळा_कोट
कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, ते मुंबई हायकोर्टाचं, महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांसाठी. बेळगाव जिल्हा धारवाड खंडपीठाखाली आहे. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असलं तरी केस तिकडं जात नाही. मात्र वकील कोल्हापूरचा घेता येतो. अधिवक्ता कायद्याचं कलम ३० लागू झाल्यापासून (२०११) सनद असलेला वकील देशात कुठल्याही न्यायाधिकरणापुढं उभा राहू शकतो. त्यामुळं "लोकल" ची व्याख्या जरा सैल धरा.

रिट बहुतेक नाही. खाजगी संघटना, खाजगी कंपनी, आणि कायद्यानं वेगळा आयोग दिलेला. दिवाणी कोर्टातही स्पर्धा कायद्याचं कलम ६१ आडवं येतं: आयोगाच्या अखत्यारीतला विषय दिवाणी कोर्ट ऐकत नाही. आयोगाच्या आदेशावर अपील एनसीएलएटीकडं (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण), ६० दिवसांत.

तक्रारीला कालमर्यादा आहे, तीन वर्षं. हीसुद्धा २०२३ च्या दुरुस्तीतली, जुने लेख वाचाल तर त्यात सापडणार नाही.

धारवाडी_फेडा
म्हणजे प्रत्येक तारखेला गोवा एक्स्प्रेस पकडून निजामुद्दीन?

शहापूर_सीए
आता तसं नाही. सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. आयोगाचं दक्षिणेचं प्रादेशिक कार्यालय चेन्नईला आहे, निकाल मात्र दिल्लीतच. पहिल्या टप्प्यावर आयोग कागद वाचूनच ठरवतो की महासंचालकांकडं (आयोगाची तपास शाखा) तपासाला पाठवायचं की बंद करायचं. म्हणून सगळा जीव पहिल्या अर्जात ओतायचा. फी व्यक्तीला आणि सहकारी संस्थेला कमी, फर्म-कंपनीला उलाढालीप्रमाणं जास्त. भरण्याआधी आयोगाच्या वेबसाईटवर आजचा दर बघा.

निपाणकर
आमच्याकडं तंबाखूचं काय? पानाचा दर व्यापारी आतल्या आत ठरवतात ही ओरड माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. १९८१ ला शरद जोशींनी निपाणीत आंदोलन केलं ते दरासाठीच. शेतकरी विकणारा आणि व्यापारी घेणारा, मग हा कायदा उलट्या बाजूनं लागतो का?

काळा_कोट
लागतो. ३(३) मध्ये "खरेदीचा किंवा विक्रीचा दर" असं दोन्ही आहे. अडचण पुराव्याची. सगळ्यांनी सारखा दर दिला एवढ्यानं संगनमत सिद्ध होत नाही, बाजारात दर सारखे असू शकतात. बैठक, मेसेज, कुणाची तरी कबुली, असं वरचं काहीतरी लागतं. संगनमतातल्याच एखाद्यानं आधी येऊन सगळं सांगितलं तर त्याला दंडात सूट आहे, कलम ४६. असा माणूस सापडला की केस उघडते.

तुमच्या-आमच्या ऊसपट्ट्यातलं उदाहरण: तेल कंपन्यांच्या इथेनॉल टेंडरमध्ये संगनमत केलं म्हणून आयोगानं २०१८ मध्ये १८ साखर कारखान्यांना आणि दोन संघटनांना दंड केला. टेंडर २०१३ चं. रविवार_पेठ काळाबद्दल म्हणाले ते यासाठीच आठवलं.

कुंदा_स्पेशल
विषयांतर करते, माफ करा. आमचा कुंद्याचा डबा, तोच रंग, तसंच नाव, एका अक्षराचा फरक, एकानं कॉपी केलाय. ही पण "अनुचित स्पर्धा" ना? याच वकिलाकडं जायचं का?

काळा_कोट
ताई, तुमचं प्रकरण पूर्ण वेगळं, आणि त्याला बेळगावात वकील मिळतात. आपल्याकडं "अनुचित स्पर्धा" असा एक कायदा नाही. नाव-डब्याची नक्कल म्हणजे ट्रेडमार्क कायदा १९९९. नाव नोंदवलेलं असेल तर उल्लंघनाचा दावा, आणि तो तुमचा धंदा जिथं आहे तिथल्या कोर्टात टाकता येतो. नोंदवलेलं नसेल तर पासिंग ऑफ (आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं), त्यात तुमचा डबा आधीपासून प्रसिद्ध आहे हे दाखवावं लागतं: जुनी बिलं, जाहिराती, छपाईवाल्याची पावती. दोन्ही दावे जिल्हा न्यायालयापासून सुरू होतात, खाली नाही. अंतरिम मनाई लवकर मिळू शकते. नोंदणी केली नसेल तर आजच अर्ज टाका, आपलं रजिस्ट्रार ऑफिस चेन्नई.

कुंदा_स्पेशल
नोंदणी आहे. धन्यवाद, दुसरा धागा काढते.

मलप्रभाकाठ
माझे अडकलेले पैसे? डिपॉझिट आणि गोडाऊनचं भाडं. आयोग मिळवून देईल का?

काळा_कोट
आयोग दंड करतो, तो सरकारी तिजोरीत जातो. भरपाईसाठी आयोगाच्या निर्णयानंतर एनसीएलएटीकडं वेगळा अर्ज (कलम ५३न). तो रस्ता लांबचा. तपासाला पाठवण्याइतपत केस दिसली की चौकशी चालू असताना अंतरिम आदेश मागता येतो (कलम ३३), पण त्याची खात्री कुणी देऊ नये.

डिपॉझिट म्हणजे सरळ कराराचा मामला. डीलरशिप करार व्यापारी वादात मोडतो, रक्कम तीन लाखांच्या वर असेल तर कमर्शियल कोर्ट. तातडीचा अंतरिम आदेश मागत नसाल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, कमर्शियल कोर्ट कायद्याचं कलम १२अ. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत बेळगावातच होते, आणि अशा प्रकरणात मला ती जागा आवडते, कारण कंपनी आली तर तिचा माणूस तिथं समोर बसतो, यायची सक्ती मात्र तिच्यावर नाही.

पण आधी करार उघडा. शेवटच्या पानावर "वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात" किंवा लवादाचं कलम आहे का?

मलप्रभाकाठ
आहे. लवाद, जागा अहमदाबाद. बारीक अक्षरात.

काळा_कोट
मग डिपॉझिटसाठी अहमदाबाद. आयोगाकडच्या तक्रारीला मात्र लवादाचं कलम आड येत नाही, ते तुमच्या दोघांतलं भांडण राहत नाही. म्हणजे तुमची दोन कामं, दोन वाटा, कदाचित दोन माणसं.

उद्यमबाग
वकील शोधण्याची माझी पद्धत सांगतो, फाउंड्रीच्या एका प्रकरणात वापरली होती. आयोगाच्या वेबसाईटवर सगळे आदेश मोफत आहेत. तुमच्यासारखी प्रकरणं शोधा: संघटना, ना-हरकत, बहिष्कार, डीलर. आदेशाच्या सुरुवातीला पुष्कळदा कुणातर्फे कोण हजर होतं ते छापलेलं असतं. छोट्या तक्रारदारातर्फे उभे राहिलेल्यांची नावं उतरवून घ्या, मोठ्या कंपन्यांचे वकील सोडा, ते तुमच्या खिशाबाहेर. ती नावं राज्य बार कौन्सिलच्या नोंदीशी ताडून बघा आणि फोन करा. पहिला प्रश्न: १९(१)(अ) खाली किती तक्रारी दाखल केल्यात, त्यातल्या किती तपासाला गेल्या, केस नंबर सांगा. खऱ्या माणसाला नंबर सांगायला अडचण नसते, आदेश उघडच आहेत. जो म्हणतो "शंभर टक्के स्टे आणतो" त्याला नमस्कार करायचा. फी टप्प्यानं ठरवा आणि लिहून घ्या: अर्जाचा मसुदा, पहिली सुनावणी, तपास, प्रत्येकाचं वेगळं.

हलशीकर
मराठी वकील असेल तर बरं, नाही का? संघटनेचं पत्र कन्नडमध्ये, व्हॉट्सअप मराठीत.

शहापूर_सीए
आयोगाचं काम इंग्रजीत, त्यामुळं दोन्हींचं भाषांतर लागणारच. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारा माणूस हवा, आणि तो बेळगावात मिळत नसेल तर कुठं मिळणार! भाषांतर नोटरी करून घ्या. आर. एल. लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य कक्षात विचारून बघा, कागद लावायला तिथली मुलं मदत करतात का.

व्हॉट्सअपबद्दल: फोन बदलू नका, ग्रुप सोडू नका, मेसेज फॉरवर्ड करून ठेवणं म्हणजे पुरावा नव्हे. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ज्या फोनवर आलं त्या फोनच्या तपशिलासह.

रविवार_पेठ
नाव गुप्त ठेवून करता येतं का? मी विचारायलोय ते माझ्यासाठी नव्हे, असंच.

उद्यमबाग
😀 असंच.

काळा_कोट
येतं. नाव गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. शिवाय तक्रारदार स्वतः बाधित असलाच पाहिजे असं नाही, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये समीर अग्रवाल प्रकरणात ते स्पष्ट केलंय. शेतकऱ्यांची सोसायटी किंवा ग्राहक संघटनाही तक्रार देऊ शकते. पण तालुक्यात माल एकाचाच बंद झाला असेल तर नाव झाकून कितीसं झाकणार? मलप्रभाकाठ यांच्या बाबतीत उपयोग नाही. महाग पाईप घेणाऱ्या शेतकऱ्यांची सोसायटी पुढं आली तर गोष्ट वेगळी, अर्जालाही वजन येईल.

मलप्रभाकाठ
आमच्या गावच्या प्राथमिक कृषी पत्तीन संघाच्या (शेतकऱ्यांची पत सोसायटी) अध्यक्षांशी बोललो. संचालक मंडळात विषय ठेवतो म्हणाले, त्यांनीही मागच्या हंगामात पाईप याच दरानं घेतलेत. उद्यमबाग यांच्या पद्धतीनं नावं काढतोय, बंगळूरचे एकजण फोनवर नीट बोलले, केस नंबर दिले, आदेश उघडून बघितले, बरोबर आहेत. आधी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला नोटीस आणि संघटनेला प्रत, असं ते म्हणतात. मसुदा ते पाठवतील. शहापूर_सीए ताई, आकड्यांचं काम तुम्ही घ्याल का?

शहापूर_सीए
घेते. व्यनि पाहा. बिलबुकं मूळ आणा, पत्राआधीचे सहा महिने आणि नंतरचे सगळे. गोडाऊनचा भाडेकरार पण. आणि संघटनेचं ते पत्र लॅमिनेट करून आणू नका, मागच्या खेपेला एकानं शेताचा उतारा तसा आणला होता.